सूक्ष्मनियंत्रकातील अनुक्रमिक आदान-प्रदान

सूक्ष्मनियंत्रकातील अनुक्रमिक आदान-प्रदान : एकाच तारेवरून एकामागून एक द्विमान अंक म्हणजेच बिट पाठवून अथवा स्वीकारून सूक्ष्मनियंत्रकाचा बाह्य उपकरणांशी जो व्यवहार घडवून आणतात त्यास ही संज्ञा आहे. प्रक्रियक, स्मृती आणि आदान-प्रदानाचे परिपथ एकाच सिलिकॉन चकतीवर सामावलेला लहानसा संगणक म्हणजे सूक्ष्मनियंत्रक होय. धुलाईयंत्र, विजेचा मीटर, वजनकाटा, रिक्षाचा मीटर इ. असंख्य उपकरणांत तो असतो. त्यावर परिचालन प्रणाली घातलेली नसेल, तर ‘हा मजकूर छाप’ अशी आज्ञा पाळणारे त्याच्यात कोणीच नसते. प्रत्येक अक्षर बाहेर कसे न्यावयाचे हे कार्यक्रम लिहिणाऱ्यासच आरंभापासून सांगावे लागते. प्रस्तुत नोंदीत अशा उघड्या सूक्ष्मनियंत्रकाचाच विचार केला आहे.

मुंबईच्या उत्तरेस वसईच्या खाडीकाठी वसलेल्या मीरा-भाईंदर शहरात (जि. ठाणे, महानगरपालिकेची स्थापना २००२) भाईंदर पूर्वेच्या बाजूस औद्योगिक वसाहतींतील गाळ्यांत पोलादी भांड्यांसारख्या मालाचे लहान कारखाने चालतात. अशा एखाद्या गाळ्यात कच्चा माल तोलणारा इलेक्ट्रॉनीय काटा असतो आणि त्याच्या मागील बाजूस नऊ पिनांची एक जोडणी असते. काट्याने दाखविलेले वजन या जोडणीतून अनुक्रमिक पद्धतीने बाहेर पडते. ते वाचून नोंद ठेवणारे एक छोटे उपकरण सूक्ष्मनियंत्रकावर बनवावयाचे आहे, असे उदाहरण पुढील विवेचनासाठी घेतले आहे. लागणारे सुटे भाग पश्चिम रेल्वेच्या त्याच मार्गावर असलेल्या ग्रँट रोड स्थानकाजवळील लॅमिंग्टन रोडच्या बाजारात मिळतात. या बाजारात ‘११.०५९२’ या विचित्र आकड्याचा क्वॉर्ट्‌झ स्फटिक नेहमी मागितला जातो. त्याचे कारण पुढे येईल.

इतिहास : ही पद्धत संगणकापेक्षा बरीच जुनी आहे. फ्रेंच तारयंत्र-अभियंते एमील बोदो यांनी १८७४ मध्ये प्रत्येक अक्षरासाठी पाच समान एककांचा संकेत उपयोगात आणला. संदेशवहनाच्या वेगाचे ‘बॉड’ हे एकक त्यांच्याच नावावरून आले आहे. पाठविणारे व घेणारे यंत्र यांची चाके दिवसभर एकाच गतीने फिरत ठेवणे अवघड होते. विसाव्या शतकाच्या आरंभी दूरमुद्रकांत प्रत्येक अक्षराच्या आधी एक आरंभ-स्पंद व शेवटी एक विराम-स्पंद जोडण्याची युक्ती रूढ झाली व ही अडचण मिटली. आता दोन्ही यंत्रांची गती केवळ एका अक्षराच्या कालावधीपुरती जुळली तरी पुरेसे झाले. टेलेक्सच्या ५० बॉड वेगात प्रत्येक अक्षरास ७.५ एकके, म्हणजे १५० मिलिसेकंद, लागत. मिनिटास ४०० अक्षरे जात. भारतात दूरमुद्रकांची निर्मिती १९६० मध्ये मद्रास येथे स्थापन झालेल्या हिंदुस्थान टेलिप्रिंटर्स या सरकारी कंपनीने केली. भारतातील सार्वजनिक तारसेवा १५ जुलै २०१३ पासून बंद झाली. तथापि दूरमुद्रकाची आरंभ-विरामाची शिस्त आजच्या बहुतेक सर्व सूक्ष्मनियंत्रकांत जशीच्या तशी नांदते आहे.

संगणक आणि दूरमुद्रक यांच्या जोडणीसाठी अमेरिकेत १९६० मध्ये आरएस-२३२ हे मानक तयार झाले. त्याची ‘सी’ ही प्रसिद्ध आवृत्ती १९६९ मधील आहे. बिटांची जुळवाजुळव करणारा परिपथ वेस्टर्न डिजिटल या कंपनीने १९७१ च्या सुमारास एकाच चकतीवर आणला. अशा परिपथास ‘यूआर्ट’ म्हणतात. इंटेल कंपनीच्या ८०५१ या सूक्ष्मनियंत्रकात (१९८०) तो प्रक्रियकाच्या शेजारीच बसविलेला होता. अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांतून ८०५१ अनेक वर्षे शिकविला गेला असून त्याचे वंशज आजही बनतात. त्याची अंतर्रचना साधी असल्याने येथे तोच मुख्यतः विचारात घेतला आहे.

अक्षराची चौकट : तार मोकळी असताना तिच्यावर सतत ‘१’ ही स्थिती, म्हणजे ५ व्होल्टच्या परिपथात सु. ५ व्होल्ट दाब असतो. अक्षर पाठविताना प्रथम एक बिट-कालापुरता दाब शून्यावर येतो. हा आरंभ-बिट होय. त्यानंतर अक्षराचे आठ बिट सर्वांत कमी मूल्याच्या बिटापासून क्रमाने येतात आणि शेवटी विराम-बिट तारेला पुन्हा ‘१’ वर आणतो. उदा., रोमन ‘ए’ या मोठ्या अक्षराचा संकेतांक ६५ आहे. द्विमान पद्धतीत तो ०१०००००१ असा लिहितात. तारेवर मात्र ०, १, ०, ०, ०, ०, ०, १, ०, १ असे दहा बिट जातात. ९,६०० बॉड वेगास एका बिटाचा काल सु. १०४ मायक्रोसेकंद व पूर्ण अक्षराचा सु. १.०४ मिलिसेकंद असतो.

ग्राहक परिपथाकडे घड्याळाची वेगळी तार येत नाही. आरंभ-बिटाची उतरती कड दिसताच तो स्वतःचे घड्याळ सुरू करतो आणि दीड, अडीच, साडेतीन अशा बिट-कालांनी, म्हणजे प्रत्येक बिटाच्या मध्यावर, तारेची स्थिती पाहतो. शेवटचे निरीक्षण साडेनऊ बिट-कालांनी होते. तोपर्यंत दोन घड्याळांत अर्ध्या बिटाहून अधिक अंतर पडले, तर शेजारचाच बिट वाचला जातो. यावरून दोन्ही घड्याळांतील एकूण फरक ०.५ भागिले ९.५, म्हणजे सु. ५ टक्क्यांच्या आत हवा असे निघते. कडा पूर्णपणे उभ्या नसतात व निरीक्षणाचा क्षणही थोडा मागेपुढे होतो. म्हणून व्यवहारात प्रत्येक बाजूची चूक २ टक्क्यांच्या आत ठेवतात.

वेग व स्फटिक : ८०५१ मध्ये स्फटिकाच्या कंप्रतेस प्रथम १२ ने आणि नेहमीच्या मांडणीत नंतर ३२ ने भागले जाते, राहिलेला भागाकार कालगणक क्र. १ करतो. हा कालगणक पूर्णांकानेच भागू शकतो आणि सर्व अडचण येथेच आहे. १२ मेगॅहर्ट्‌झचा ‘सरळ’ स्फटिक घेतला, तर ३२ ने भागल्यावर ३१,२५० ही संख्या उरते. तिला ९,६०० ने भागता ३.२५५ येतात. पूर्णांक ३ घेतल्यास प्रत्यक्ष वेग सु. १०,४१७ बॉड होतो व चूक ८.५ टक्क्यांवर जाते. ११.०५९२ मेगॅहर्ट्‌झच्या स्फटिकापासून मात्र २८,८०० ही संख्या मिळते आणि तिला ९,६०० ने भागता नेमके ३ येतात. लॅमिंग्टन रोडवरील त्या विचित्र आकड्याचे रहस्य एवढेच आहे.

साडेआठ टक्क्यांच्या चुकीने काय होते हे पाहणे उद्‌बोधक आहे. १०,४१७ बॉडने पाठविलेले ६५ हे अक्षर ९,६०० बॉडवर ऐकणाऱ्या ग्राहकास पहिले पाच बिट बरोबर मिळतात. सहाव्या बिटाच्या वेळी पाठविणारा सातव्यावर पोहोचलेला असतो, आठव्या बिटाच्या वेळी विराम-बिट सुरू असतो. परिणामी ६५ ऐवजी १६१ ही संख्या नोंदली जाते. पडद्यावर अनोळखी चिन्हांची रांग दिसते आणि नवखा माणूस तारा बदलत बसतो. वस्तुतः तारांचा काही दोष नसतो. पडद्यावर काहीच न येणे आणि भलतेच काही येणे हे दोन भिन्न आजार आहेत. काहीच न येण्याची कारणे जोडणीत किंवा मांडणीत शोधावीत, भलतेच येण्याची वेगात किंवा चौकटीत. हा भेद लक्षात ठेवल्यास पुष्कळ श्रम वाचतात.

मांडणी : यूआर्टचे वर्तन काही नोंदकांत योग्य संख्या भरून ठरविले जाते. ८०५१ मध्ये कालगणक क्र. १ आपोआप पुन्हा भरला जाणाऱ्या आठ-बिटी पद्धतीने चालावा म्हणून कालगणक-पद्धतीच्या नोंदकात ३२ ही संख्या भरतात. हा कालगणक २५६ पर्यंत मोजून पुन्हा आरंभ करतो. तीन पावलांत तेथे पोहोचावयाचे असल्याने त्याचा आरंभांक २५६ वजा ३, म्हणजे २५३ ठेवतात. अनुक्रमिक नियंत्रणाच्या नोंदकात ८० ही संख्या भरली की आठ-बिटी चौकट निवडली जाऊन ग्राहकही जागा होतो. शेवटी कालगणक सुरू करतात. सबंध मांडणी एवढीच, चार आज्ञांची आहे. ग्राहक जागा करणारा एक बिट विसरला, तर उपकरण बोलते पण ऐकत नाही.

पाठवावयाचे अक्षर अनुक्रमिक नोंदकात लिहिले की बिट आपोआप बाहेर पडू लागतात आणि काम संपताच ‘पाठवून झाले’ हे निशाण वर येते. हे निशाण कार्यक्रमाने स्वतः खाली आणावयाचे असते. अनुक्रम दोन प्रकारे लिहिता येतो : अक्षर लिहून मग निशाणाची वाट पाहणे, अथवा निशाणाची वाट पाहून मग अक्षर लिहिणे. दुसरा प्रकार अधिक वेगवान असतो, कारण अक्षर बाहेर पडत असताना प्रक्रियक अन्य काम करू शकतो. परंतु यंत्र सुरू होताना निशाण खालीच असते. ते आधी एकदा हाताने वर केले नाही, तर पहिल्याच अक्षरापाशी कार्यक्रम कायमचा थांबतो. ‘सगळे बरोबर लिहिले, तरी यंत्र मुके आहे’ या तक्रारीमागे पुष्कळदा हीच चूक असते.

स्वीकारण्याचे काम अधिक कठीण आहे, कारण पाठविताना वेळ आपण ठरवितो, स्वीकारताना ती दुसरा ठरवितो. ११.०५९२ मेगॅहर्ट्‌झच्या स्फटिकावर मूळ ८०५१ सेकंदास ९,२१,६०० यंत्रचक्रे करतो. ९,६०० बॉडवर अक्षरे सलग आली, तर दोन अक्षरांमध्ये त्याला नेमकी ९६० चक्रे मिळतात. आलेले अक्षर एका नोंदकात थांबते व पुढचे मागील दालनात जमू लागते. पुढचे पूर्ण होईपर्यंत पहिले उचलले नाही, तर एक अक्षर कोणतीही तक्रार न करता नाहीसे होते. म्हणून कार्यक्रमाचे इतर काम लांबत असल्यास व्यत्यय पद्धतीचा अवलंब करतात. अक्षर येताच प्रक्रियक हातचे काम सोडून ते स्मृतीतील एका वर्तुळाकार रांगेत ठेवतो व मूळ कामाकडे परततो. मूळ ८०५१ ची अंतर्गत कार्यस्मृती अवघी १२८ बाइटांची असल्याने ही रांगही आखूडच ठेवावी लागते.

इतर सूक्ष्मनियंत्रकांत तत्त्व हेच असून नोंदकांची नावे तेवढी बदलतात. अर्डुइनो फलकांमुळे घरोघरी पोहोचलेला एटीमेगा-३२८पी १६ मेगॅहर्ट्‌झवर ९,६०० बॉड केवळ ०.२ टक्का चुकीने देतो; १,१५,२०० बॉडला मात्र त्याच मांडणीत चूक ३.५ टक्के होते व दुप्पट वेगाची मांडणी निवडल्यास २.१ टक्क्यांवर येते. फलकाविना सुटी आणलेली ही चिप कारखान्यातून १ मेगॅहर्ट्‌झवर चालण्याच्या स्थितीत येते. १६ मेगॅहर्ट्‌झ गृहीत धरून लिहिलेला कार्यक्रम तीत घातल्यास सर्व अक्षरे सोळापट संथ गतीने बाहेर पडतात. आर्म जातीच्या बहुतेक चिपांत यूआर्टला घड्याळाचे स्पंद पोहोचविणे व पिनेचे कार्य निवडणे ही दोन कामे आधी करावी लागतात. स्पंद दिलेले नसतील, तर नोंदकात लिहिलेली संख्या वाया जाते.

विद्युत् जोडणी : एकाची पाठविण्याची पिन दुसऱ्याच्या स्वीकारण्याच्या पिनेस जोडावी आणि दोघांची भूमी एक असावी. यांतील दुसरी अट नेहमी विसरली जाते. काट्याच्या मागील जोडणी आरएस-२३२ मानकाची असेल, तर ती सूक्ष्मनियंत्रकास थेट लावणे घातक आहे. या मानकात ‘१’ साठी उणे ३ ते उणे १५ आणि ‘०’ साठी अधिक ३ ते अधिक १५ व्होल्ट दाब असतो. अर्थही उलटा व दाबही झेपण्यापलीकडचा. ५ व्होल्टवरून हे दाब निर्माण करणारी मॅक्स-२३२ सारखी रूपांतरक चिप मध्ये घालावी लागते. गाळ्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकास तार न्यावयाची असल्यास दोन तारांतील दाबाच्या फरकावर चालणारे आरएस-४८५ मानक बरे. कमी वेगास ते सु. १,२०० मी. अंतरापर्यंत चालते. खाडीकाठच्या दमट, खारट हवेत जोडणीच्या पिनांवर गंज चढतो. अधूनमधून तुटणाऱ्या संदेशांचे मूळ अशा वेळी कार्यक्रमात नव्हे, तर पिनेवर सापडते.

दोलनदर्शक हाताशी नसल्यास साध्या बहुमापकानेही पुष्कळ कळते. ५ व्होल्टच्या परिपथात मोकळी तार सु. ५ व्होल्ट दाखविते. ८५ हा संकेतांक असलेले रोमन ‘यू’ हे मोठे अक्षर अखंड पाठवीत राहिल्यास तारेवर आळीपाळीने ० व १ येतात आणि ९,६०० बॉडवर ४,८०० हर्ट्‌झचा चौकोनी तरंग मिळतो. बहुमापकाचा काटा अडीच व्होल्टच्या आसपास स्थिरावतो. त्यानंतर आपलीच पाठविण्याची पिन आपल्याच स्वीकारण्याच्या पिनेस जोडून पाहतात. ही चाचणी उत्तीर्ण झाली तरी वेग बरोबर आहे असे सिद्ध होत नाही, कारण दोन्ही बाजूंस घड्याळ एकच असते.

समता व खोटी शांतता : वेग जुळूनही चौकट जुळली नाही, तर काय घडते हे आपल्या काट्याच्या उदाहरणात विशेष स्पष्ट होते. पुष्कळ उपकरणे सात बिटांचे अक्षर व आठव्या जागी सम समता-बिट पाठवितात. अक्षरातील ‘१’ बिटांची संख्या विषम असेल, तर समता-बिट १ होतो, एरवी ०. चौकटीची लांबी दहा बिटच राहते. त्यामुळे समतेविना आठ बिट घेणाऱ्या ग्राहकास काही बिघडले आहे असे जाणवतच नाही. ०, ३, ५, ६, ९ या अंकांच्या संकेतांत ‘१’ बिटांची संख्या सम असल्याने ते अचूक पोहोचतात. १, २, ४, ७, ८ यांच्या संकेतांकात मात्र १२८ ची भर पडते. अंक नसलेली चिन्हे गाळून टाकावीत असे कार्यक्रमात लिहिलेले असल्यास १,२५० ग्रॅम वजनाची नोंद ५० अशी होते. येथे अनोळखी चिन्हे दिसत नाहीत की यंत्र थांबत नाही. वहीत एक साधा, विश्वासार्ह दिसणारा आकडा पडतो आणि मालाचे पैसे त्यावरून ठरतात. म्हणून अनोळखी चिन्ह गाळू नये, संपूर्ण नोंदच नाकारावी.

समता-बिट तपासल्यास एका बिटाची चूक उघडी पडते. उदा., ‘१’ या अंकाचा एकच बिट विद्युत् गोंगाटाने उलटला, तर तो ‘९’ होऊ शकतो. समता ही चूक पकडते. दोन बिट उलटल्यास ती फसते. वजन, पैसा किंवा औषधाची मात्रा यांसारख्या ठिकाणी त्यामुळे सर्व बाइटांवरून काढलेली तपास-संख्या संदेशाच्या शेवटी जोडतात.

देवनागरी मजकूर : यूआर्ट अक्षर ओळखत नाही, केवळ आठ बिट वाहतो, लिपी ही दोन टोकांमधील समजूत असते. भारतीय मानक संस्थेच्या १९९१ मधील इस्की संकेतात देवनागरीच्या प्रत्येक वर्णास व स्वरचिन्हास साधारणतः एक बाइट लागे. पुण्याच्या सी-डॅक संस्थेच्या जिस्ट तंत्रामुळे हा संकेत प्रसार पावला. आज सर्वत्र रूढ असलेल्या यूटीएफ-८ संकेतात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात. ‘भाईंदर’ या शब्दातील सहा चिन्हे इस्कीत सहा बाइटांत म्हणजे ९,६०० बॉडवर सु. ६ मिलिसेकंदांत जात. यूटीएफ-८ मध्ये अठरा बाइट व सु. १९ मिलिसेकंद लागतात. दोन्ही संकेतांतील देवनागरी बाइट १२८ च्या वर असल्याने सात बिटांची चौकट त्यांना मारक ठरते. आठवा बिट हरवला की ‘भ’ च्या तीन बाइटांपासून एक उलटे अवतरणचिन्ह, एक डॉलरचिन्ह व एक आडवी रेघ उरते. मराठी फलकावर दर तीन चिन्हांत एक डॉलर अशी रांग दिसली, तर दोष आठव्या बिटाचा आहे हे दुरूनच ओळखता येते आणि प्रथम दोन्ही टोकांची चौकट आठ बिटांची, समतेविना केली आहे काय ते पाहावे.